दुर्मीळ कर्करोग आणि उपलब्ध लक्ष्यवेधी औषधे : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९८ ते २०२२)

प्रस्तावना

एका रोगासाठी तयार झालेले औषध पुढे दुसऱ्याच रोगावर गुणकारी ठरल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात अनेक आहेत. त्यांपैकी बहुतेक योगायोगाने घडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस कर्करोगाच्या क्षेत्रात मात्र या योगायोगाला पद्धतीचे रूप येऊ लागले. एका कर्करोगासाठी मान्यता मिळालेले औषध दुसऱ्या, विशेषतः दुर्मीळ कर्करोगावर हेतुपुरस्सर तपासून पाहण्याची शास्त्रीय परंपरा गेल्या पाव शतकात उभी राहिली. प्रस्तुत लेखात या परंपरेचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

युरोपात प्रचलित असलेल्या व्याख्येनुसार ज्या कर्करोगाचे दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळतात तो कर्करोग दुर्मीळ समजला जातो. असा प्रत्येक कर्करोग विरळ असला तरी सर्वांची बेरीज लहान नाही. युरोपातील नव्या कर्करुग्णांपैकी जवळजवळ एकपंचमांशाहून अधिक रुग्ण या गटात मोडतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासानुसार दुर्मीळ कर्करोगांत पाच वर्षे जगण्याचे सरासरी प्रमाण ४७ टक्के, तर नेहमीच्या कर्करोगांत ते ६५ टक्के होते. या तफावतीमागील एक कारण स्पष्ट आहे. नवे औषध सिद्ध करण्याच्या रूढ पद्धतीत शेकडो रुग्णांचे दोन गट करून तुलना करावी लागते. ज्या रोगाचे संपूर्ण देशात वर्षाला पन्नास रुग्णही सापडत नाहीत, त्या रोगासाठी अशी चाचणी होत नाही. चाचणी नाही म्हणून मान्यता नाही आणि मान्यता नाही म्हणून उपचार नाही. हे दुष्टचक्र भेदण्याचा एक मार्ग म्हणजे हाताशी असलेल्या औषधांचीच नव्याने परीक्षा घेणे. हा मार्ग कोणत्या परिस्थितीत यशस्वी झाला आणि कोणत्या परिस्थितीत फसला, हा या लेखातील विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

१. अवयवाकडून रेणूकडे : पार्श्वभूमी

कर्करोगाचे वर्गीकरण परंपरेने अवयवानुसार होत आले आहे. फुप्फुसाचा, स्तनाचा, आतड्याचा, रक्ताचा अशी नावे रोग्यांच्या आणि वैद्यांच्या तोंडी रुळली आणि रुग्णालयांचे विभागही त्यांनुसार पडले. या वर्गीकरणाला पहिला मोठा धक्का रक्ताच्या एका कर्करोगाने दिला. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया या विकाराच्या रुग्णांत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. १९७३ साली शिकागो येथील जॅनेट रौली यांनी दाखवून दिले की ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने हे घडते. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीला सतत विभाजनाची आज्ञा देत राहते.

रोगाचे मूळ एका प्रथिनात असेल तर त्या प्रथिनालाच अडविणारे औषध शोधावे, हा विचार स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा-गायगी या कंपनीत निकोलस लायडन, अॅलेक्स मॅटर, युर्ग झिमरमन आदी संशोधकांनी हाती घेतला. १९९६ साली ही कंपनी सँडोझ या कंपनीत विलीन होऊन नोव्हार्टिस अस्तित्वात आली. अमेरिकेतील ओरेगन येथील डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी या औषधाचा पाठपुरावा केला आणि १९९८ साली रुग्णांवरील चाचणी सुरू झाली. हेच औषध पुढे इमॅटिनिब या नावाने ओळखले गेले. १० मे २००१ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

अशा औषधांना लक्ष्यवेधी औषधे म्हणतात. जुन्या रासायनिक उपचारांत वेगाने विभाजित होणाऱ्या सर्वच पेशींवर आघात होतो. लक्ष्यवेधी औषध मात्र मुख्यतः ठराविक प्रथिनाचे कार्य थांबविते. तथापि इमॅटिनिब हे केवळ एकाच प्रथिनाला अडवीत नव्हते. एबीएल या प्रथिनाबरोबरच किट आणि पीडीजीएफआर ही रचनेने जवळची प्रथिनेही त्यामुळे निष्क्रिय होत असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले होते. एरवी उणीव समजली जाणारी ही गोष्टच पुढील इतिहासाचा आरंभबिंदू ठरली.

२. जठरांत्रातील दुर्मीळ अर्बुद : पहिली कसोटी

जठर व आतडे यांच्या भित्तिकेत उद्भवणारे एक अर्बुद विकृतिशास्त्रज्ञ दीर्घकाळ गुळगुळीत स्नायूंचे अर्बुद समजत असत. आज हे अर्बुद ‘जिस्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. वर्षाला दर दहा लाख लोकांमागे सुमारे दहा ते पंधरा इतकेच त्याचे प्रमाण आहे. शस्त्रक्रियेने ते काढता आले नाही किंवा यकृतात पसरले, तर रासायनिक उपचारांचा जवळजवळ काहीच उपयोग होत नसे. जानेवारी १९९८ मध्ये जपानमधील ओसाका येथील सेइइची हिरोता, युकिहिको कितामुरा आणि सहकाऱ्यांनी या अर्बुदांत किट जनुकाचे उत्परिवर्तन असल्याचे प्रसिद्ध केले. उत्परिवर्तनामुळे किट प्रथिन सतत चालू अवस्थेत राहते, हेही त्यांनी दाखविले.

येथे दोन स्वतंत्र धागे एकत्र आले. ओसाकातील शोधाने रोगाचे कारण सांगितले. बाझलमध्ये तयार झालेले औषध त्याच प्रथिनाला अडवीत होते. मार्च २००० मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे डॉ. हेक्की योएन्सू यांच्या देखरेखीखाली जिस्ट सर्वत्र पसरलेल्या एका रुग्णास हे औषध देण्यात आले. काही आठवड्यांतच गाठी लहान होऊ लागल्याचे प्रतिमांमध्ये दिसले. एका रुग्णाच्या अनुभवावरून उपचार सिद्ध होत नाही, हे वैद्यकातील मूलभूत तत्त्व होय. त्यामुळे त्याच वर्षी बहुकेंद्री चाचणी सुरू करण्यात आली. डॉ. जॉर्ज डेमेट्री आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार १४७ रुग्णांपैकी ५३.७ टक्के रुग्णांत गाठी लक्षणीय प्रमाणात आकसल्या, तर आणखी २७.९ टक्के रुग्णांत रोगाची वाढ थांबली. अमेरिकेत या उपयोगासाठी फेब्रुवारी २००२ मध्येच मान्यता मिळालेली होती. पहिल्या रुग्णापासून मान्यतेपर्यंत दोन वर्षेही लागली नाहीत.

या यशाचे बारकाईने विश्लेषण झाले तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. २००३ साली मायकेल हाइनरिख आणि सहकाऱ्यांनी दाखविले की किट जनुकाच्या अकराव्या खंडात उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांत प्रतिसादाचे प्रमाण ८३.५ टक्के, नवव्या खंडात उत्परिवर्तन असलेल्यांत ४७.८ टक्के, तर किट वा पीडीजीएफआर-अल्फा यांपैकी कशातही उत्परिवर्तन न सापडलेल्यांत शून्य होते. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसणारी अर्बुदे औषधाच्या दृष्टीने निराळी होती. एका दुर्मीळ रोगाचे याप्रमाणे आणखी दुर्मीळ उपप्रकार झाले. प्रत्येक उपप्रकारासाठी रुग्णसंख्या अधिकच घटली. परंतु कोणाला औषध द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे ठरविण्याची क्षमता त्यातूनच आली.

३. एक औषध, चाळीस कर्करोग

जिस्टच्या अनुभवाने एक व्यापक प्रश्न उपस्थित केला. इमॅटिनिबला संवेदनक्षम असलेली प्रथिने आणखी कोणकोणत्या रोगांत कारणीभूत आहेत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एकाच चाचणीत निरनिराळ्या रोगांचे रुग्ण घेण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४० प्रकारच्या विकारांचे १८६ रुग्ण होते. आज ज्या रचनेला बास्केट चाचणी म्हणतात तिचे हे एक आरंभीचे रूप मानता येईल. रोगाचे नाव कोणतेही असो, औषधाचे लक्ष्य समान असेल तर रुग्ण एकाच टोपलीत घ्यावेत, असा या नावामागील आशय आहे.

या अभ्यासाचे फलित संमिश्र होते. चाळीस विकारांपैकी केवळ पाच विकारांत औषधाचा उल्लेखनीय परिणाम दिसला. उरलेल्यांत लक्ष्य मानलेले प्रथिन पेशीत उपस्थित होते, परंतु रोग त्याच्या आधारावर उभा नव्हता. प्रथिनाची उपस्थिती आणि प्रथिनावरील अवलंबित्व यांतील हा भेद पुढील सर्व प्रयत्नांत निर्णायक ठरला. यशस्वी पाचांपैकी डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स हा त्वचेचा दुर्मीळ कर्करोग लक्षणीय आहे. त्यात १७ आणि २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे पीडीजीएफआरला चेतविणारे द्रव्य अमाप तयार होते. येथे कारण स्पष्ट होते म्हणून औषधही लागू पडले. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेत या रोगासह अन्य काही दुर्मीळ विकारांसाठी इमॅटिनिबला मान्यता मिळाली.

हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम या रक्तविकाराची कथा याच्या उलट दिशेने घडली. या विकाराचे कारण अज्ञात असताना काही रुग्णांना इमॅटिनिब दिले गेले आणि त्यांच्या रक्तातील विकृत वाढ ओसरली. औषधाने कशावर घाव घातला असावा, याचा शोध घेताना २००३ साली जॅन कूल्स, गॅरी गिलिलँड आणि सहकाऱ्यांना त्यांच्यापैकी अनेक रुग्णांच्या चौथ्या गुणसूत्रावर एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए हे जोडजनुक सापडले. येथे उपचार आधी आणि निदानाचे शास्त्र नंतर, असा क्रम दिसतो. दुर्मीळ रोगावर औषध तपासणे ही केवळ उपचाराची धडपड नसून रोगाचे कारण शोधण्याची एक पद्धतही आहे, हे यावरून लक्षात येते.

सिस्टेमिक मास्टोसायटोसिस या विकाराने आणखी एक मर्यादा दाखविली. त्यातील बहुसंख्य रुग्णांत किट जनुकातच उत्परिवर्तन असते. परंतु ते अशा जागी असते की इमॅटिनिब त्या प्रथिनाला नीट चिकटू शकत नाही. जनुक तेच, रोगाचा आधारही तोच, तरी औषध निरुपयोगी. म्हणून या विकारातील मान्यता हे विशिष्ट उत्परिवर्तन नसलेल्या वा त्याविषयी माहिती नसलेल्या रुग्णांपुरती सीमित ठेवण्यात आली.

४. बीआरएएफ : समान उत्परिवर्तन, भिन्न फलित

इमॅटिनिबनंतरच्या पिढीतील वेम्युराफेनिब या औषधाला ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई हे उत्परिवर्तन त्याचे लक्ष्य आहे. त्याच वर्षी इटलीतील पेरुजा येथील एन्रिको टियाची, ब्रुनेल्लो फालिनी आणि सहकाऱ्यांनी हेअरी सेल ल्यूकेमिया या दुर्मीळ रक्तकर्करोगात हेच उत्परिवर्तन असल्याचे दाखविले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या वा रोग उलटलेल्या रुग्णांपैकी इटलीत ९६ टक्के व अमेरिकेत १०० टक्के रुग्णांत प्रतिसाद मिळाला. औषध थांबविल्यावर अनेकांत रोग परतला, ही बाबही नोंदविली गेली.

अर्डहाइम-चेस्टर या रोगाचे उदाहरण अधिक बोलके आहे. व्हिएन्ना येथे १९३० साली या रोगाचे प्रथम वर्णन झाले. हाडे, हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा अनेक अवयवांत विकृत पेशी साचविणारा हा अतिशय विरळ रोग आहे. २०१२ साली पॅरिसमधील जुलियन हारोश आणि सहकाऱ्यांना तपासलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत बीआरएएफचे हेच उत्परिवर्तन आढळले. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या रोगावर वेम्युराफेनिबला मान्यता दिली. त्यासाठी आधार होता केवळ २२ रुग्णांचा, त्यांपैकी ५४.५ टक्के रुग्णांत प्रतिसाद मिळाला होता. पहिल्या वर्णनापासून पहिल्या मान्यताप्राप्त औषधापर्यंत ८७ वर्षे गेली. मात्र रोगाचे मूळ सापडल्यावर उरलेले अंतर पाच वर्षांत कापले गेले, कारण औषध आधीच तयार होते.

याच टोपलीत मोठ्या आतड्याचा कर्करोगही होता. त्यातील काही रुग्णांत बीआरएएफचे तेच उत्परिवर्तन असते. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकटे वेम्युराफेनिब दिलेल्या अशा १० रुग्णांपैकी एकालाही प्रतिसाद मिळाला नाही. याचे कारण २०१२ साली नेदरलँड्समधील रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेने स्पष्ट केले होते. आतड्याच्या पेशींत बीआरएएफ अडविताच ईजीएफआर हे दुसरे प्रथिन जागे होते आणि वाढीचा संदेश दुसऱ्या वाटेने पुढे जातो. तात्पर्य, अवयवाची ओळख पुसून केवळ रेणूची ओळख ठेवणे हेही अपुरे आहे. पेशी कोणत्या घरची आहे यावरही औषधाचे यश अवलंबून असते. जून २०२२ मध्ये डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब या जोडऔषधांना बीआरएएफ व्ही६००ई उत्परिवर्तन असलेल्या घन अर्बुदांसाठी अवयवनिरपेक्ष मान्यता मिळाली, तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आला.

५. चाचणीची नवी रचना आणि पुराव्याचा प्रश्न

२०१५ नंतर या प्रयत्नांना संघटित स्वरूप आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ऑगस्ट २०१५ मध्ये एनसीआय-मॅच ही देशव्यापी चाचणी सुरू केली. २०१६ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेची टापूर आणि नेदरलँड्समधील ड्रप या चाचण्या सुरू झाल्या. या दोन्हींत बाजारात असलेली लक्ष्यवेधी औषधे मान्यतेबाहेरील कर्करोगांवर पद्धतशीरपणे तपासली जातात. डॉक्टर पूर्वीही अशी औषधे स्वतःच्या जबाबदारीवर देत असत. परंतु त्यांचे अनुभव कोठेही एकत्र नोंदविले जात नव्हते. विखुरलेला अनुभव नोंदीत आणणे, हे या चाचण्यांचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

त्यांची गणिती रचनाही समजून घेण्यासारखी आहे. टापूरमध्ये एका कर्करोगाचे, एका उत्परिवर्तनाचे आणि एका औषधाचे मिळून एक गट मानला जातो. प्रथम १० रुग्णांना औषध दिले जाते. त्यांपैकी किमान दोघांना लाभ झाला तरच आणखी १८ रुग्ण घेतले जातात; अन्यथा तो गट बंद होतो. ड्रपमध्ये प्रथम ८ आणि त्यांपैकी किमान एकास लाभ झाल्यास आणखी १६ रुग्ण घेतले जातात. निरुपयोगी औषधाचा भार थोड्याच रुग्णांवर पडावा, ही त्यामागील दृष्टी आहे.

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा की तुलनेसाठी दुसरा गट नसताना लाभ औषधाचाच, हे कशावरून ठरवावे? या आक्षेपात निश्चितच तथ्य आहे. पसरलेल्या कर्करोगाची गाठ आपोआप आकसणे अत्यंत विरळ असते. त्यामुळे निम्म्या रुग्णांत गाठी आकसल्या तर ते औषधाचेच कार्य, असे थोड्या रुग्णांवरूनही म्हणता येते. परंतु लाभ लहान असेल, किंवा रोगाची वाढ केवळ काही काळ थांबली असेल, तर वीस-पंचवीस रुग्णांवरून निर्णय करणे धोक्याचे ठरते, कारण काही रोग मुळातच मंदगतीने वाढतात. फ्रान्समधील शिवा या चाचणीने हा धोका अधोरेखित केला. तीत १९५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला रेणूच्या तपासणीनुसार मान्यतेबाहेरील औषध, तर दुसऱ्या गटाला डॉक्टरांच्या निवडीचा नेहमीचा उपचार देण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यकाल अनुक्रमे २.३ व २.० महिने होता. म्हणजे उल्लेखनीय फरक नव्हता.

एनसीआय-मॅचमधील आकडेही वास्तवाचे भान देतात. तपासलेल्या सुमारे सहा हजार रुग्णांपैकी ३७.६ टक्के रुग्णांत औषधाने गाठता येण्याजोगा बदल आढळला, तर सर्व निकष लावल्यावर १७.८ टक्के रुग्णांनाच एखाद्या गटात नेमता आले. ज्यांची तपासणी होते त्यांतील बहुसंख्यांच्या हाती औषध पडत नाही, हे सत्य रुग्णांना आरंभीच सांगणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते.

६. औषधाची किंमत : भारतीय संदर्भ

औषध शास्त्रीय कसोटीला उतरले तरी ते रुग्णाच्या हाती पडेलच असे नाही. या बाबतीत इमॅटिनिबच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय भारतात घडला. नोव्हार्टिसने या औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८ साली चेन्नई येथे पेटंटचा अर्ज केला होता. त्याला भारतीय औषध कंपन्यांबरोबरच मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णसाहाय्य संस्थेनेही हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा आधार घेऊन कंपनीचे अपील फेटाळले. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने उपचारात्मक गुणकारिता वाढल्याचे सिद्ध झाले नाही, असा या निर्णयाचा गाभा होता. त्या काळात मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा ८ ते १० हजार रुपये असल्याचे सांगितले जात असे.

या खटल्याची चर्चा मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात झाली. तथापि जिस्टसारख्या दुर्मीळ कर्करोगांच्या रुग्णांनाही त्याचा लाभ मिळाला. जुन्या औषधाच्या नव्या उपयोगाचे हे एक विशेष अंग आहे. प्रचलित रोगामुळे एखादे औषध स्वस्त झाले की त्या रोगाच्या सावलीत दुर्मीळ रोगाच्या रुग्णालाही ते परवडू लागते. औषध हाताशी आल्यावरही जनुकीय तपासणीचा प्रश्न उरतोच. अकराव्या खंडातील उत्परिवर्तन आहे की नवव्या, हे कळल्याशिवाय स्वस्त औषधही अंदाजाने द्यावे लागते. मुंबईतील टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडसारख्या जाळ्याचे महत्त्व येथे आहे. एका रुग्णालयात दोन-तीनच असलेले रुग्ण अनेक रुग्णालयांच्या एकत्रित नोंदीत अभ्यासण्याजोगी संख्या गाठू शकतात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की उपलब्ध औषध दुर्मीळ कर्करोगावर लागू पडण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागल्या. लक्ष्य मानलेले प्रथिन रोगाचा केवळ सोबती नव्हे तर आधार असणे, ही पहिली अट. उत्परिवर्तनाची जागा व पेशीचा प्रकार औषधाला अनुकूल असणे, ही दुसरी. आणि या गोष्टी तपासून औषध परवडणाऱ्या किमतीत देणारी व्यवस्था असणे, ही तिसरी. जिस्ट आणि अर्डहाइम-चेस्टर रोगात पहिल्या दोन अटी जुळल्या. मास्टोसायटोसिस आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग दुसऱ्या अटीवर अडले. इमॅटिनिबच्या चाचणीतील चाळीसपैकी पस्तीस विकारांत उल्लेखनीय परिणाम दिसला नाही आणि त्यांतील बहुतेक पहिल्याच अटीपाशी थांबले.

या पस्तीस विकारांची नोंद यशस्वी पाचांइतकीच मोलाची आहे. दुर्मीळ कर्करोगात प्रत्येक रुग्ण हा पुराव्याचा मोठा अंश असतो. एका रुग्णाला दिलेले औषध निष्फळ ठरले आणि ते कोठेही लिहिले गेले नाही, तर पुढच्या शहरातील रुग्णाला तेच औषध त्याच आशेने आणि तितक्याच खर्चाने पुन्हा दिले जाते. नव्या रेणूंच्या शोधाइतकीच फसलेल्या उपचारांची प्रामाणिक, एकत्रित नोंद ही दुर्मीळ कर्करोगांच्या उपचारशास्त्राची गरज आहे, हा या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष होय.